स्वमग्न मुलांचे गहू आणि दूध बंद करावे का? या सल्ल्याला आधार किती?

गवतफूल यांचा प्रश्न

नमस्कार. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे आणि काही महिन्यांपूर्वी त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी लगेच सुरू केली असून दोन्हींचा हळूहळू उपयोग होताना दिसतो आहे. मात्र ओळखीतून एका आहार-सल्लागारांशी बोलणे झाले आणि तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही. गव्हातील ग्लूटेन आणि दुधातील केसिन ही प्रथिने अशा मुलांना नीट पचत नाहीत, त्यांचे अर्धवट पचलेले तुकडे आतड्याच्या सैल झालेल्या अस्तरातून रक्तात आणि तिथून मेंदूत जाऊन अफूसारखा परिणाम करतात, म्हणून मूल आपल्याच विश्वात राहते, असे त्यांनी समजावून सांगितले. गहू, दूध आणि साखर एकाच दिवशी पूर्ण बंद करायची, लघवीतील पेप्टाइडची (म्हणजे प्रथिनांच्या अशा तुकड्यांची) आणि रक्तातील अन्नविषयक आयजीजी प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यायची, सोबत बी-६ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम मोठ्या मात्रेत सुरू करायचे, असा त्यांचा सल्ला आहे. जितका उशीर तितके नुकसान, हेही त्यांनी निघताना पुन्हा ऐकवले.

अडचण अशी आहे की माझा मुलगा मोजकेच पदार्थ खातो आणि त्यांत दूध व एकाच छापाची बिस्किटे हाच मुख्य आधार आहे. बिस्किटाचा कोपरा उडालेला असेल तर तो ते हातातही धरत नाही. वाटी बदलली तर आधी वास घेतो आणि मग वाटी दूर सारतो. शिवाय त्याला बद्धकोष्ठाचा जुना त्रास आहे. शौचाला लागली की तो पाय एकमेकांत आवळून भिंतीला टेकून उभा राहतो आणि त्या दिवशी त्याची चिडचिड सर्वांत जास्त असते.

या सिद्धांताला कितपत आधार आहे, आणि आधार नसला तरी करून बघायला हरकत आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे. आणखी एक गोष्ट विचारायला जड जाते. मी त्याला वरचे दूध लवकर सुरू केले म्हणून हे झाले, असे सासूबाईंचे ठाम मत आहे. असे होऊ शकते का?

उत्तरायण यांचे उत्तर

गवतफूल, मी बालरोग विभागात काम करते आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. तुम्ही वरचे दूध कधी सुरू केले याचा तुमच्या मुलाच्या स्वमग्नतेशी संबंध नाही. डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया येथील वीस लाखांहून अधिक व्यक्तींच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वमग्नतेच्या शक्यतेत जो फरक आढळतो, त्याचा सुमारे ८० टक्के भाग आनुवंशिक घटकांशी निगडित असल्याचे त्यात दिसून आले. मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपणाची सुरुवात जन्माआधीच होते, असे दर्शवणारे पुरावेही आहेत. लक्षणे मात्र साधारण दीड-दोन वर्षांच्या सुमारास डोळ्यांत भरू लागतात, आणि नेमक्या त्याच काळात मूल वरच्या अन्नावर आलेले असते. दोन गोष्टी एकाच वेळी समोर आल्या की एक दुसरीचे कारण वाटू लागते. पूर्वी आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते असे मोठमोठे तज्ज्ञ सांगत असत, आणि स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये त्या मताचा समाचार घेतला. आता तोच दोष आईच्या स्वयंपाकघरावर ढकलला जाताना पाहिले की मला मनापासून वाईट वाटते.

तुम्हाला सांगितलेला सिद्धांत हवेतून आलेला नाही. मेंदूचे अभ्यासक याक पँकसेप यांनी १९७९ मध्ये अशी कल्पना मांडली की स्वमग्नतेतील काही लक्षणे अफूजन्य पदार्थांच्या परिणामांसारखी दिसतात, तेव्हा मेंदूतील त्या प्रकारच्या रसायनांचा अतिरेक हे त्यांचे कारण असू शकेल. पुढे नॉर्वेत काले रायखेल्ट आणि ब्रिटनमध्ये पॉल शॅटॉक यांनी या मुलांच्या लघवीत आहारातून आलेले पेप्टाइड सापडतात असा दावा केला आणि त्यातून गहू व दूध वर्ज्य करण्याची पद्धत पसरली. या दाव्याची नीट तपासणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ६५ स्वमग्न मुलगे आणि तुलनेसाठी १५८ इतर मुलगे यांच्या लघवीचे नमुने अधिक अचूक तंत्राने तपासले गेले, आणि अफूसदृश पेप्टाइड कोणत्याच गटात आढळले नाहीत. त्यामुळे तुम्हाला सुचवलेली लघवीची तपासणी करून काहीही हाती लागणार नाही.

आहारामुळे मेंदूवर परिणाम होतो ही कल्पनाच चुकीची आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. फेनिलकीटोनुरिया या आनुवंशिक विकाराची कथा इथे सांगण्यासारखी आहे. आपल्या दोन्ही मुलांच्या लघवीला विचित्र वास का येतो, हे एक नॉर्वेजियन आई डॉक्टरांना वर्षानुवर्षे विचारत होती. १९३४ मध्ये आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी त्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकले तेव्हा ती हिरवी झाली, आणि त्या धाग्यावरून त्यांनी विकाराचे मूळ शोधले. या मुलांना प्रथिनांतील फेनिलॅलनिन हा घटक पचवून वापरता येत नाही आणि तो साठून मेंदूला इजा करतो. उपचार न झालेल्या काही मुलांमध्ये स्वमग्नतेसारखी लक्षणेही दिसतात. १९५३ मध्ये हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहान मुलीला फेनिलॅलनिन अत्यल्प असलेला आहार दिला आणि तिच्यात सुधारणा झाली. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी आईला न सांगता त्या आहारात फेनिलॅलनिन पुन्हा मिसळले, तेव्हा मुलगी बिघडते आहे हे आईच्या काही तासांतच लक्षात आले. ज्याला आहारात काय बदलले आहे हे ठाऊक नाही, त्यालाही फरक दिसला. आज अनेक देशांत नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन हा विकार जन्मतःच ओळखला जातो.

ग्लूटेन आणि केसिन यांनाही हीच कसोटी लावली गेली आहे. नॉर्वेतील २० मुलांच्या वर्षभराच्या अभ्यासात (२००२) आणि डेन्मार्कमधील ७२ मुलांच्या अभ्यासात (२०१०) सुधारणा नोंदली गेली, पण दोन्हींत पालकांना आपले मूल कोणत्या आहारावर आहे हे माहीत होते आणि दुसऱ्या अभ्यासातून पुष्कळ कुटुंबे मध्येच बाहेर पडली. अमेरिकेत २००६ मध्ये १५ मुलांवर, कोणालाही काही कळणार नाही अशा रीतीने १२ आठवडे प्रयोग झाला आणि मोजमापांत फरक दिसला नाही. तरीही बऱ्याच पालकांना आपले मूल सुधारले असे वाटत होते. त्यानंतरचा रॉचेस्टर येथील अभ्यास (२०१६) मला सर्वांत काटेकोर वाटतो. त्यात १४ लहान मुलांना आधी काही आठवडे कडक पथ्यावर ठेवले, त्यांच्या पोषणावर लक्ष ठेवले आणि मग दर आठवड्याला एकदा ग्लूटेन असलेला, केसिन असलेला, दोन्ही असलेला किंवा दोन्ही नसलेला, पण दिसायला व चवीला सारखाच, खाऊ दिला. वागणूक, झोप आणि शौच यांपैकी कशातही फरक आढळला नाही. हे अभ्यास लहान आहेत हे खरे, पण जे जितके काटेकोर, तितका परिणाम नाहीसा होत जातो, ही बाब मला बोलकी वाटते. उपचारांविषयी मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेतही मुलांच्या स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी असे वर्ज्य-आहार वापरू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे.

पालकांना फरक का वाटतो, यासाठी सेक्रेटिनचे उदाहरण पाहावे. हे पचनसंस्थेतील संप्रेरक तपासणीपुरते दिल्यावर तीन स्वमग्न मुले सुधारली असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर त्याची मागणी उसळली. पुढच्याच वर्षी ६० मुलांवर चाचणी झाली. अर्ध्यांना सेक्रेटिन आणि अर्ध्यांना नुसते मिठाचे पाणी टोचले, तर दोन्ही गट सारखेच सुधारले. मुले वाढत असतात, थेरपी चालू असते, आणि आशेने पाहणाऱ्या डोळ्यांना प्रत्येक नवा शब्द त्या इंजेक्शनमुळे आलेला वाटतो. निकाल सांगितल्यानंतरही ६९ टक्के पालकांनी सेक्रेटिनमध्ये रस कायम असल्याचे सांगितले. मी त्यांना दोष देत नाही, कारण त्या जागी बसलेल्या माणसाला वाट पाहणे किती कठीण असते हे मी रोज पाहते.

मेघमल्हार यांचे उत्तर

उत्तरायण यांचे विवेचन मी आदराने वाचले, पण मला एक वेगळा अनुभव नोंदवायचा आहे. माझी मुलगी स्वमग्न आहे आणि तिचे दूध बंद केल्यावर आमच्या घरात स्पष्ट फरक पडला. तिचे पोट साफ होऊ लागले, रात्री किंचाळत उठणे थांबले आणि डोके आपटून घेणे जवळजवळ बंद झाले. पथ्याबद्दल काहीच कल्पना नसलेल्या तिच्या शिक्षिकेनेही ती आता अधिक वेळ बसते असे आपणहून सांगितले. गहू आम्ही बंद केला होता तो पुढे सुरू केला, त्याने काही बिघडले नाही. संशोधन सरासरीबद्दल बोलते आणि १४ किंवा १५ मुलांच्या सरासरीत माझ्या मुलीसारखे एखादे मूल सहज झाकले जाऊ शकते. ज्या पालकांनी डोळ्यांनी फरक पाहिला, त्यांना तो केवळ भास होता असे सांगणे मला अन्यायाचे वाटते.

उत्तरायण यांचे उत्तर

मेघमल्हार, तुमचे निरीक्षण मला भास वाटत नाही, आणि शिक्षिकेला माहिती नसताना तिने ते सांगितले म्हणून त्याचे वजन अधिकच आहे. मी त्याचा अर्थ मात्र निराळा लावीन. काही मुलांमध्ये गाईच्या दुधामुळे जुनाट बद्धकोष्ठ होते, आणि याचा स्वमग्नतेशी संबंध नाही. १९९८ मध्ये इटलीत हट्टी बद्धकोष्ठ असलेल्या ६५ मुलांवर झालेल्या अभ्यासात ४४ मुलांचा त्रास गाईचे दूध थांबवून सोयाचे दूध दिल्यावर कमी झाला होता. ज्या मुलाला पोटात दुखते हे सांगता येत नाही, ते डोके आपटते, किंचाळते, झोपत नाही. दुखणे थांबले की हे सारे कमी होते आणि मूल शिकायला मोकळे होते. तुमच्या मुलीची वेदना गेली, आणि ती जाणे ही फार मोठी गोष्ट आहे. तिची स्वमग्नता दुधामुळे होती असे त्यावरून ठरत नाही.

पोटाचा त्रास असलेल्या स्वमग्न मुलांची तपासणी इतर कोणत्याही मुलाइतक्याच गांभीर्याने व्हावी, असे तज्ज्ञांच्या एका गटाने २०१० मध्ये एकमताने म्हटले. त्याच निवेदनात सरसकट सर्व स्वमग्न मुलांना विशेष आहार देण्यास पुरेसा पुरावा नाही, हेही नमूद आहे. दुर्दैवाने अनेक ठिकाणी पोटदुखीकडे ‘त्याचे वागणेच असे आहे’ म्हणून दुर्लक्ष होते, आणि मग हताश पालक कोणाचाही सल्ला ऐकतात. हा दोष आम्हा वैद्यकीय मंडळींच्या बाजूचा आहे.

औदुंबर यांचे उत्तर

मी आहारतज्ज्ञ आहे आणि खाण्याच्या अडचणी असलेल्या मुलांसोबत काम करतो. करून बघायला काय हरकत आहे, या गवतफूल यांच्या प्रश्नावर मला सविस्तर लिहायचे आहे, कारण हरकत आहे.

स्वमग्न मुलांमध्ये खाण्याच्या समस्यांची शक्यता इतर मुलांच्या सुमारे पाचपट असते, असे २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात आढळले. तुमच्या मुलाचा सगळा आहार दोन-तीन पदार्थांवर उभा असताना त्यांतील दोन एकाच दिवशी काढले, तर तो त्यांच्या जागी दुसरे काही खाईल याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. भूक लागली की खाईल, हा नियम अशा काही मुलांना लागू पडत नाही आणि ती खरोखर उपाशी राहतात. अतिशय मर्यादित आहारामुळे स्वमग्न मुलांना स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) झाल्याच्या आणि अ जीवनसत्त्वाच्या अभावाने दृष्टी गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. २००८ मध्ये ७५ स्वमग्न मुलग्यांच्या हाडांचा अभ्यास झाला, त्यात त्यांच्या हाडांची जाडी अपेक्षेपेक्षा कमी होती आणि दूध वर्ज्य केलेल्या मुलांमध्ये ती आणखी कमी होती.

रक्तातील आयजीजीची तपासणी करून घेऊ नका. आयजीजी प्रतिपिंडे आपण जे अन्न नेहमी खातो त्याविरुद्ध निरोगी माणसातही तयार होतात, म्हणजे तुमचा मुलगा रोज दूध पितो तर अहवालात दूध दिसणारच. त्यावरून ॲलर्जी किंवा असह्यता ठरवू नये, असे ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांचे मत आहे. बी-६ बद्दल सांगायचे तर उत्तरायण यांनी उल्लेख केलेले रिमलँड पुढील काळात त्याचेच मोठे पुरस्कर्ते झाले. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनही हे सांगावे लागते की उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्यावर त्यातून शिफारस करण्याजोगा निष्कर्ष निघालेला नाही. मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलेले बी-६ हातापायांच्या नसांना इजा करते, आणि मुंग्या येतात हे तुमचा मुलगा तुम्हाला सांगू शकणार नाही.

आता काय करता येईल ते सांगतो. आधी डॉक्टरांकडून बद्धकोष्ठाचा उपचार सुरू करा, कारण तुम्ही वर्णन केलेले पाय आवळून उभे राहणे हे बहुधा शौच रोखून धरण्याचे लक्षण आहे, आणि त्यावर चांगली औषधे आहेत. रक्तातील लोह पाहून घ्या. तो माती किंवा रंगाचे पापुद्रे तोंडात घालत असेल तर शिशाचीही तपासणी करावी. दुधाचा संशय खरोखर आलाच, तर एका वेळी एकच बदल करा, पर्यायी कॅल्शियमची व्यवस्था आधी लावा, मुदत ठरवून घ्या, शाळेतील किंवा थेरपीतील अशा व्यक्तीला नोंदी ठेवायला सांगा जिला बदल माहीत नाही, आणि मुदत संपल्यावर दूध पुन्हा देऊन पाहा. पुन्हा दिल्यावर काहीच बिघडले नाही तर पथ्य संपले असे समजावे. नवे पदार्थ वाढवण्यासाठी त्याच्या आवडत्या पदार्थाच्या अगदी शेजारचा पदार्थ निवडतात. उदाहरणार्थ, तेच बिस्किट पण वेगळ्या आकाराचे, मग तशाच कुरकुरीतपणाचे दुसरे, आणि ते केवळ ताटाच्या कडेला, खाण्याची सक्ती न करता. यात महिने जातात, पण यातून मुलांचा आहार रुंदावताना मी पाहिला आहे.

साकव यांचे उत्तर

मी स्वतः स्वमग्न आहे, प्रौढ आहे, आणि लहानपणी मीही अनेक पथ्यांतून गेलो आहे. गवतफूल यांच्या मुलाने मोडके बिस्किट का नाकारले असेल, ते मला आतून कळते. मोडलेली कड जिभेला वेगळी लागते, आणि दिवसभर आवाज, उजेड व कपड्यांच्या शिवणी सोसलेल्या मुलाला निदान तोंडात तरी अनपेक्षित काही नको असते. माझे ओळखीचे अन्न काढून घेतले गेले तेव्हा मी शांत झालो होतो आणि घरच्यांनी ती सुधारणा मानली. मी भुकेने थकलेलो होतो. मूल गप्प झाले म्हणजे बरे झाले असे कृपया समजू नका.

मेघमल्हार यांचे उत्तर

साकव यांनी लिहिलेले वाचून मी बराच वेळ थांबलो. माझ्या मुलीचे वजन आणि वाढ तेव्हा नियमित तपासली जात होती, तरी हा मुद्दा प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा असे मलाही वाटते. उत्तरायण यांना एक विचारतो. आतड्यातील जिवाणूंमुळे स्वमग्नता होते असे हल्ली सर्वत्र वाचायला मिळते, ते तरी खरे आहे का?

उत्तरायण यांचे उत्तर

त्या विषयावर खरे संशोधन चालू आहे, पण दिशा कोणती हे पाहावे लागते. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये २४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात स्वमग्न मुले, त्यांची भावंडे आणि इतर मुले होती. जिवाणूंमधील वेगळेपण स्वमग्नतेशी थेट जोडलेले नसून मोजक्याच पदार्थांच्या आहारामुळे येते, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे निवडक खाण्यामुळे जिवाणू बदलतात, हे उलट्यापेक्षा अधिक संभवनीय दिसते. निरोगी व्यक्तीचे जिवाणू देण्याचा अमेरिकेतील २०१७ चा प्रयोग १८ मुलांवर झाला आणि त्यात तुलनेचा गटच नव्हता, म्हणून त्यावर उपचार ठरवता येत नाही. आतडी स्वच्छ करण्याच्या नावाखाली क्लोरीन डायऑक्साइडचे द्रावण पाजण्याचा सल्ला कोणी दिला तर तिथून तत्काळ उठावे. ते विरंजक रसायन (ब्लीच) आहे आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याविरुद्ध वारंवार इशारे दिले आहेत.

गवतफूल यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना पहिले उत्तर मी वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत, पण पूर्ण ऐकून घेतले. दूध आणि बिस्किटे आम्ही बंद करणार नाही, बी-६ घेणार नाही आणि त्या दोन्ही तपासण्याही रद्द केल्या आहेत. बद्धकोष्ठासाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तरी एक शंका उरते. गव्हामुळे काही मुलांना सिलिॲक हा आजार असतो असे वाचले, तो आमच्या मुलाला नाही हे कसे समजावे? तपासणीपर्यंत खबरदारी म्हणून गहू कमी करू का?

औदुंबर यांचे उत्तर

गहू मुळीच कमी करू नका. सिलिॲकची रक्ततपासणी ग्लूटेनविरुद्ध तयार होणाऱ्या प्रतिपिंडांवर आधारलेली असते, आणि ग्लूटेन बंद केले की ती प्रतिपिंडे घटत जातात, त्यामुळे आजार असूनही अहवाल नकारात्मक येऊ शकतो. तपासणीच्या दिवसापर्यंत त्याला नेहमीची बिस्किटे नेहमीसारखीच खाऊ द्या आणि डॉक्टरांना ऊतींच्या ट्रान्सग्लूटामिनेजविरुद्धच्या आयजीए प्रतिपिंडांची, तसेच एकूण आयजीएची तपासणी एकत्र लिहून द्यायला सांगा. काही मुलांमध्ये एकूण आयजीएच कमी असते आणि मग पहिल्या चाचणीचा अर्थ लागत नाही. अहवालात सिलिॲक निघालाच, तर ग्लूटेन कायमचे बंद करावे लागेल आणि त्या वेळी बिस्किटांना पर्याय कसा शोधायचा ते आपण इथेच टप्प्याटप्प्याने ठरवू.